धातूची पाचर

रुग्णालयात एका आजींची मान किरणोपचारात भाजली तेव्हा डोसचा हिशोब करणारी ती सगळ्यांदेखत तंत्रज्ञावर कडाडली होती, “पाचर उलटी बसवलीस! डोळे काय खिशात ठेवतोस?” त्यालाही ते खरंच वाटलं. आज तिने हिशोब पुन्हा तपासला. यंत्रापुढची धातूची पाचर थोडे किरण अडवते, म्हणून डोस वाढवावा लागतो. तो संगणकाने आधीच वाढवला होता. तिने तो हाताने पुन्हा वाढवला होता. ती पाचर घेऊनच उपचारखोलीत गेली. तंत्रज्ञ आजींच्या मानेवर मलम लावत होता. “माफ करा, आजी.” “पुरे रे, रोज तेच रडगाणं!” तिला पाहून आजी हसल्या. “बाई, याला आणखी बोलू नका. एखादवेळी बसते पाचर उलटी.” “सरळच होती, आजी,” ती म्हणाली. “हिशोब माझा चुकला.” तंत्रज्ञाचा हात थांबला. तिची नजर पाचरीवरून हलेना.