पंच्याहत्तर गुणांचं गाव

"हळू बोला हो," बायको म्हणाली आणि तिने नळ मोठा सोडला.

तपासनीसांनी आवाज खाली आणला. पस्तीस वर्षं शाळा तपासल्यामुळे त्यांचा खाली आणलेला आवाजही शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. "शनिवारी सातची बस. दुपारी पहिलं गाव, संध्याकाळी दुसरं, रविवारी तिसरं. सोमवारी निकाल."

"कसला डोंबलाचा निकाल! सहा शनिवार-रविवार झाले. एक गाव पास होईल तर शपथ."

तपासनीसांनी ओट्यावरच तक्ता पसरला. पाणी, दवाखाना, वाचनालय, शेजार, चढ-उतार. एकूण गुण शंभर, उत्तीर्ण व्हायला पंच्याहत्तर. कायमचं राहायला गाव निवडायचं, म्हणून आजवर अठरा गावं परीक्षेला बसली होती आणि अठराही नापास झाली होती. एका गावाचं तर घड्याळ पाच मिनिटं मागे होतं, म्हणून ते वेशीवरूनच परत फिरले होते.

"या वेळी साठाला पास करा," ती म्हणाली. "पन्नासाला करा. या घरात श्वास कोंडतो हो माझा. आणखी एक महिना इथे काढावा लागला तर वेड लागेल मला." हातातला चमचा तिने दोनदा धुतला होता. तो तिसऱ्यांदा धुवायला घेतला.

या सगळ्याचं कारण बाहेरच्या खोलीत बसून शीळ घालत होतं. कारण म्हणजे तिचा थोरला भाऊ. आठ दिवसांचा प्रश्न होता, आणि आठ दिवस काय, कुणीही निभावून नेतं. बघता बघता चार वर्षं झाली. अंगणाकडची मोठी खोली त्याची. खिडकीपाशी आरामखुर्ची, तीही त्याची. ही दोघं स्वयंपाकघरामागच्या खोलीत, जिथे एकाला कपाट उघडायचं तर दुसऱ्याने पलंगावर चढायचं. वर्तमानपत्र आधी तो वाचणार. शब्दकोडं सोडवणार, तेही पेनाने. पत्रं यायची ती त्याची, दाराशी माणसं यायची ती त्यालाच विचारत. आणि पहाटे साडेपाचला कुंड्यांना पाणी, तेही शीळ घालत.

"माणसाला कळू नये?" तपासनीस म्हणाले. "दोघांच्या संसारात तिसरा. आपण होऊन चार दिवस कुठे जावं, जरा मोकळीक द्यावी…"

"सख्खा भाऊ आहे. तोंडावर कसं सांगू?"

"म्हणूनच तर आपण निघायचं." त्यांनी तक्त्याच्या तळाशी लाल शाईने एक ओळ वाढवली. *घरात जादा खोली नसावी. गुण दहा.* "एकही नातेवाईक वस्तीला टिकता कामा नये."

शीळ थांबली होती, हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. दादा दारात उभा होता.

"काय भावोजी, सहल का?" त्याने तक्ता उचलला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. बायकोच्या हातातून चमचा निसटला. दादाने लाल ओळीवर बोट टेकवलं. "हे अगदी लाखमोलाचं बोललात. जादा खोली असली की माणूस फसतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गेंड्याची कातडी म्हणतात ती हीच.

"तूही येतोस का, दादा?" ती रीत म्हणून बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"छे छे! मी आहे घरी. तुम्ही निवांत बघा. आणि भावोजी, जरा सढळ हाताने गुण द्या. नव्वद मिळाले म्हणून गाव शेफारत नाही."

शुक्रवारी दुपारी त्याने माळ्यावरची मोठी ट्रंक स्वतः खाली काढली.

"दोन दिवसांना एवढी ट्रंक?" तपासनीस म्हणाले.

"थंडी पडली तर?" दादाने स्वेटर भरले. मग शाली, चपलांचे जोड, तपासनीसांचा दाढीचा आरसा.

"आरसा कशाला?"

"गावाकडचे आरसे वाकडे असतात, भावोजी. स्वतःचा बरा."

तपासनीसांना निरोपसमारंभात मिळालेली पितळी घंटाही त्याने मानपत्रासकट आत सरकवली. गावात उपयोगी पडेल, म्हणाला.

शनिवारी बसथांब्यापर्यंत ट्रंक त्यानेच वाहिली. धापा टाकत टपावर चढवली, दोरी आवळली, गाठ दोनदा ओढून पाहिली. बायकोला खिडकीशी भरून आलं. काही झालं तरी पाठचा भाऊ नव्हे, वडीलभाऊ होता. "दादा, गॅस आठवणीने बंद कर रे."

"करतो. तू काळजी करू नकोस. नीट राहा गं तिकडे."

बस हलली तसे तपासनीस कुजबुजले, आणि पुढच्या तीन रांगांनी ऐकलं. "बघितलंस? किती उतावीळ झालाय! दोन दिवस सगळं घर एकट्याला."

"ते जाऊ द्या. या वेळी पास करा हो एखादं. तुमच्या पाया पडते."

तपासनीसांनी लाल पेनाचं टोपण काढलं. वाचनालयाच्या रकान्यात ते आधीच चार गुण कापत होते.

बस वळणाआड होईपर्यंत दादा हात हलवत राहिला. मग तो घराकडे जवळजवळ पळत आला. पायरीवर कुलपं बसवणारा म्हातारा पेटी घेऊन बसला होता. त्याने दाराचे स्क्रू सोडवले आणि जुनं कुलूप तळहातावर घेऊन पाहिलं.

"घर बांधलंत तेव्हा मीच बसवलं होतं हे, मालक. अजून चांगलं चालतंय की. बरं, नव्याच्या किल्ल्या किती देऊ? माणसं किती घरात?"

दादा पायरीवर बसला.

"बहीण आणि भावोजी आठ दिवस राहायला आले होते, चार वर्षांपूर्वी," तो म्हणाला. "किल्ली एकच दे."