फोनकडे बघ

"आई, माझ्याकडे काय बघतेस? फोनकडे बघ! डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

आईचा फोन हल्ली मुलाच्याच खिशात असायचा. पण तिच्या खात्यातले पैसे काढायचे, तर फोनला तिचा चेहरा दाखवावा लागे. तेवढ्यासाठी तो यायचा. आई मात्र खुळ्यासारखी त्याच्याच तोंडाकडे बघत राहायची. शेवटी त्यानं हनुवटी धरून तिची मान वळवली. एकदाचं खातं उघडलं. उभ्याउभ्याच त्यानं पैसे स्वतःकडे वळते केले आणि पायांत बूट सरकवून तो निघूनही गेला.

आईला सांभाळायला ठेवलेल्या बाईला राहवलं नाही.

"मावशी, तुमचं खातं धुऊन नेतोय तो. पुढच्या वेळी डोळे गच्च मिटून घ्या."

"माहितेय गं मला सगळं."

"एवढं कळतं, मग फोनकडे बघायचं तेवढं कळत नाही होय? किती खेकसतो तो तुमच्यावर!"

आईचा हात अजून हनुवटीवरच होता.

"लगेच बघितलं, की तो लगेच जातो गं."