मराठी न घेणारी चौकट

रत्नागिरीत विनोदच्या छपाईच्या दुकानात मी फुकट चहासाठी बसतो. लग्नपत्रिकेत नावं भरायला त्याने संगणकावर मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, केलाय, पण पडद्यावर नाव विचारणारी चौकट मराठी घेत नाही. प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह करते. म्हणून त्याने चौकट बंदच करून टाकली. आता तो नाव कोऱ्या पानावर टाइप करतो, मॅक्रो तिथून उचलतो.

काल बुरोंडीच्या गोदावहिनी मुलीची लग्नपत्रिका करायला आल्या. त्यांचा नवरा सखाराम काही वर्षांपूर्वी मासेमारीला गेला, तो परत आलाच नाही.

"त्यांच्या नावाआधी 'कै.' घाल हां," त्या विनोदला म्हणाल्या. "नायतर बाप कुठे पळाला म्हणतील, मुलाकडचे लग्नाला उभे राहायचे नाहीत."

"पण वहिनी, काही सापडलं नव्हतं ना?" मी विचारलं.

"मी सांगत्येय ना, गेले."

फारच खात्रीने सांगितलं. मी बशी खाली ठेवली.

विनोदने टाइप करून मॅक्रो चालवला. बंद केलेली चौकट उघडली. त्याचे हात मांडीवर होते. चौकटीत एकेक अक्षर उमटत गेलं, स्वच्छ मराठीत: 'कै. कशाला, गोदा?' त्यांना नुसतं 'गोदा' फक्त सखारामच म्हणायचा.

"बग असेल," विनोद म्हणाला.

वहिनींनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. मग त्या उठल्या आणि दुकानाच्या दाराला आतून कडी लावली.