पारड्यातला जीव

चित्रात: पुस्तकाच्या तळहाताएवढ्या पानावर एक देवदूत तराजू धरून उभा. एका पारड्यात उघडं बाळ, हात जोडलेलं. दुसऱ्या पारड्याला सैतान लोंबकळतोय.

काचेबाहेर: नंदिनी, तिचा नवरा सुमित आणि सासूबाई. बाळंतपणाला येणार होत्या त्या. फोन आला तशा चार महिने आधीच पुण्याहून निघाल्या आणि हॅम्बर्गला पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. आज पाऊस होता. घरात बसवेना, म्हणून म्युझियम.

"कुणाचं गं हे बाळ?" सासूबाईंनी विचारलं.

नंदिनीने जर्मन पाटी वाचून सांगितलं. बाळ नव्हे, मेलेल्या माणसाचा आत्मा. प्रार्थनेच्या जुन्या पुस्तकांत तो असाच काढत. पारडं खाली गेलं तर स्वर्ग. हलकं भरलं तर सैतानाचं.

"गेनाऊ! अगदी आमचा प्रोजेक्ट मॅनेजर," सैतानाकडे बघत सुमित म्हणाला. कुणीच हसलं नाही. मग तो कॉफी कुठे मिळते ते बघायला गेला.

हॉस्पिटलात: तिथेही बाळाचं वजन झालं होतं. चोवीस आठवड्यांआधी मृत जन्मलेलं मूल पाचशे ग्रॅम भरलं नाही तर श्टांडेसआम्टात, जन्म-मृत्यूच्या कचेरीत, त्याची नोंद होत नाही, असं नर्सने हलक्या आवाजात सांगितलं. नोंदवहीत नाव लागत नाही. सासूबाईंनी पुण्याला गुरुजींना फोन केला. सुतक नाही, दहावा-तेरावा नाही. फोन ठेवून त्यांनी कुकर लावला होता.

चित्रात: सैतानाला तोंड नाही. तेवढ्याच जागी रंग गेलाय.

"हे खरवडलंय कुणीतरी," सासूबाई म्हणाल्या.

नंदिनीने पुन्हा पाटी वाचली. पुस्तक जिचं होतं, त्या बाईनेच बहुधा नखाने.

"पारडं ओढू नये म्हणून?"

"हो, आई."

"तिचंही कुणीतरी गेलं असणार."

काचेबाहेर: सासूबाईंची नजर चित्रावरच होती.

"मला बघायलाच मिळालं नाही," त्या म्हणाल्या. "केवढी होती गं?"

हे अजून कुणीच विचारलं नव्हतं. नंदिनीने दोन्ही हात पुढे केले. तळहात जवळ आणले, जरा लांब नेले, पुन्हा जवळ आणले. मग थांबली.

"एवढी."

सासूबाईंनी आपले हात तिच्या हातांखाली धरले.