प्रोग्रॅमरचा सूट

नवाबभाईंच्या दुकानात पडद्याआड गुरुदत्त पँट चढवत होता, तेवढ्यात बाहेर गिऱ्हाईक आलं. शिलाई मशीनच्या खडखडाटात त्याला अर्धवटच ऐकू येत होतं.

"सूट झाला का?"

"काज बाकी आहेत. उद्या संध्याकाळी या."

"आज जमलं तर बघा ना."

"उद्या. एकदम फर्स्ट क्लास करून देतो."

गिऱ्हाईक गेलं. गुरुदत्तला हसू आवरेना. काज कधीच झाले होते आणि तो सूट आता त्याच्या अंगावर होता.

काळेवाडीत ही सोय सगळ्यांना ठाऊक होती. लग्न असो की मुलाखत, शिवून तयार असलेला कपडा नवाबभाई ओळखीच्या माणसाला एक दिवस वापरायला देत. गिऱ्हाइकाला काय, शिंप्याकडून 'उद्या' ऐकायची सवयच असते.

"पण नवाबभाई, मी काय घातलंय ते कॉम्प्युटरला कुठं कळणार?"

"मुलाखत कॉम्प्युटर घेणार की साहेब? हात वर कर. बघ, तुझ्याच मापाचा वाटतो."

आरशातल्या त्या रुबाबदार माणसाकडे गुरुदत्त पाहतच राहिला. पिंपरीच्या एका कंपनीत नवाकोरा कॉम्प्युटर येणार होता आणि प्रोग्रॅमरची जागा एकच होती. दोन वर्षं तो घरी बसून होता, वडील पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. ही नोकरी त्याला काहीही करून हवी होती.

सकाळी बसमध्ये जागा असूनही तो उभाच राहिला. बसलं असतं तर चुण्या पडल्या असत्या.

लेखी परीक्षेनंतर दोघंच उरले. दुसरा थेरगावचा सुरेंद्र, अंगात साधा बुशशर्ट. त्याला पाहून गुरुदत्तच्या जिवात जीव आला, आणि तसा आला म्हणून थोडी लाजही वाटली. बाकावर सुरेंद्र त्याच्या कोटाकडे सारखा बघत होता. बघू दे की, गुरुदत्तने मनात म्हटलं आणि कॉलर ताठ केली.

"तो शेवटचा प्रोग्रॅम सुटला का हो तुम्हाला?" त्याने विचारलं. "मी पार अडकलो."

सुरेंद्रने पेन्सिल काढली आणि मुलाखतपत्राच्या मागच्या बाजूला पाच मिनिटांत सगळं समजावून दिलं.

आत लक्ष्मणराव साहेबांनी नेमकं तेच विचारलं. गुरुदत्तने धडाधड उत्तर दिलं.

"खरं सांगू?" साहेब म्हणाले. "पेपरात तो दुसरा उमेदवार तुमच्या पुढे आहे. पण मशीन बसवायला परदेशातले इंजिनियर येणार. त्यांच्यासमोर बुशशर्टातला माणूस कसा बसवायचा? सोमवारी रुजू व्हा."

गुरुदत्तला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. बाहेर येऊन त्याने सुरेंद्रचे दोन्ही हात धरले.

"झालं माझं काम. अहो, तुम्ही नुसता सूट घालून आला असता ना, तर जागा तुमचीच होती."

"अभिनंदन," सुरेंद्र म्हणाला. त्याने हात पुढे करून गुरुदत्तच्या खांद्यावरचा धागा अलगद काढला. "आज तेवढा सूट वेळेत नवाबभाईंकडे पोचवा. उद्या भोसरीत आणखी एक मुलाखत आहे माझी."