हिरवी फाईल

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी दोघांच्या फायली दोन गठ्ठ्यांवर टाकल्या. शिंप्याची तपकिरी, त्याच्या बायकोची हिरवी.

"एचआयव्हीचे दोन प्रकार असतात," बाई म्हणाल्या. "कोणत्या प्रकारचे रुग्ण किती वर्षं जगतात, ते आम्ही ताडून पाहतोय. तुमचा पहिला, ताईंचा दुसरा. दुसरा सावकाश चालतो. त्याचे रुग्ण बहुधा जास्त जगतात."

शिंप्याच्या पोटात दुखलं. आपली बायको जास्त जगणार म्हणून कुणाच्या पोटात दुखतं? याच्या दुखलं. माणूसच तसा जळका. तिचा पहिला नवरा मरून बारा वर्षं झाली, तरी हा त्या मेलेल्याचा हेवा करत होता. ती त्याचं नावही काढत नसे, आणि त्यामुळेच याला खात्री होती की तिनं त्याला मनात जपून ठेवलंय. आता आपण गेल्यावर ही त्याच्या आठवणी काढत खुशाल जगणार!

मग एकदम त्याची ट्यूब पेटली.

"पण हिला माझाच आजार लागलाय ना? मग प्रकार वेगळा कसा?"

"पहिल्याचा दुसरा होत नाही. त्यांना तुमच्याकडून लागलेलाच नाही."

नऊ वर्षांपूर्वी तपासणीत दोघांनाही आजार निघाला, तेव्हा त्यानं तिचे पाय धरले होते. लग्नाआधीचे आपले सगळे उद्योग रडत रडत सांगून टाकले होते. तेव्हापासून सकाळचा चहा तो करायचा, तिच्यावर कधी आवाज चढवायचा नाही. आणि ही बाई दुसऱ्याच कुणाचा आजार घेऊन ते सगळं मुकाट करून घेत होती!

जिन्यात त्यानं तिचा दंड पकडला. "कोण आहे तो?"

"कोण असणार? माझा पहिला नवरा," ती म्हणाली. "तोही असाच झिजून गेला होता. आपल्या तपासणीच्या दिवशीच माझ्या ध्यानात आलं."

शिंप्याचा हात सैल पडला.

"मग मी पायाशी पडून रडत होतो, तेव्हा बोलली का नाहीस?"

तिनं पदर सारखा केला.

"तो मरेपर्यंत मलाच पांढऱ्या पायाची म्हणत राहिला. त्यानं मागायची माफी तुम्ही मागत होतात. मी मागू दिली."