गावाच्या तोंडाला

भात कापायचं भलंमोठं हार्वेस्टर ट्रेलरवर चढवून कटरे ड्रायव्हर गोंदियाहून निघाला, तेव्हापासून वेल्ह्याजवळचे चिमाजीआबा त्याला फोनवर वाट सांगत होते. महामार्ग कुठं सोडायचा, विजेच्या तारा कुठं खाली लोंबतात, कुठला पूल अरुंद आहे, सगळं. काल संध्याकाळी तो विंझरला थांबला, तेव्हाही आबा म्हणाले, "फुडं रस्ता लई बारका हाय. सकाळी सावकाश निघा. गावाच्या तोंडाला म्या सोता रस्त्यावर हुबा ऱ्हातो."

सकाळी ट्रेलर गावाच्या तोंडाशी पोचला आणि समोरून अंत्ययात्रा आली. मशीननं सगळा रस्ता व्यापलेला, दोन्ही अंगांना पिकलेली भातखाचरं. एवढा लांब ट्रेलर मागं घेता येईना, आणि घरून उचललेली तिरडी कुणी माघारी नेत नाही. खांदेकरी जागच्या जागी थांबले.

कटरेनं इंजिन बंद केलं, बसल्या जागी हात जोडले आणि आता काय करायचं ते विचारायला आबांना फोन लावला.

फोन समोरच वाजला. तिरडीच्या पुढं विस्तवाचं मडकं धरून उभ्या असलेल्या माणसानं, मडकं हलू न देता, दुसऱ्या हातानं खिशातून तो काढून कानाला लावला.

"आबा, आम्ही पोचलो. पण रस्ता अडलाय. तुम्ही येणार होता ना? कुठं आहात?"



"आलेत," तो म्हणाला. "तुमच्या म्होरंच हायेत."